पुलावरचा टोल ठेवला तर काय, काढला तर काय? विदर्भातल्या नदीकाठच्या गावांसाठी प्रश्नोत्तरं

वर्धा, पैनगंगा, वैनगंगा, पूर्णा या नद्यांच्या काठावर राहणाऱ्यांचा बाजार, दवाखाना, कॉलेज आणि सोयरीक, सगळं पुलावर अवलंबून असतं. त्या पुलावर किंवा त्याच्या तोंडाशी टोलनाका असला की दर हंगामात वाद पेटतो. एक बाजू म्हणते ‘काढा’, दुसरी म्हणते ‘मग पूल सांभाळणार कोण?’ दोघांचंही म्हणणं खरं आहे आणि दोघांकडेही सहसा आकडे नसतात. ग्रामसभेत आणि तालुक्याच्या बैठकांत पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आमचं मत आधीच सांगतो: नाक्यावर किती गल्ला जमतो याने हा निर्णय होऊ नये. टोलमुळे कोणाची वाट बदलते आणि टोल गेल्यावर पुलाच्या देखभालीचा पैसा कुठून येतो, हे दोन प्रश्न आधी सुटले पाहिजेत.

परिणाम मोजायचा म्हणजे नेमकं काय मोजायचं?

चार प्रकारच्या माणसांचा हिशोब धरा. जे टोल भरून पुलावरून जातात ते पहिले. टोल चुकवायला जे फेऱ्याने जातात ते दुसरे. टोलमुळे ज्यांनी जाणंच कमी केलं ते तिसरे. आणि फेऱ्याने जाणाऱ्या गाड्या ज्यांच्या दारावरून धुरळा उडवत जातात ती गावं चौथी.

सरकारी अहवालात बहुतेक वेळा पहिलाच आकडा असतो, कारण तो फास्टॅगच्या नोंदीतून आयता मिळतो. बाकीचे तीन कोणीतरी रस्त्यावर बसून, घरोघर विचारून गोळा करावे लागतात. तिसरा सगळ्यांत अवघड आणि आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाचा आहे. जो गेलाच नाही त्याची नोंद कुठल्याच यंत्रात होत नाही.

टोलमुळे शेतमालाचा भाव खरंच पडतो का?

माल किती भरला आहे त्यावर हे ठरतं. समजा, एका पिकअपला जाऊन-येऊन १६० रुपये टोल लागला. गाडीत १५ क्विंटल कापूस असेल तर क्विंटलमागे ११ रुपयेही पडत नाहीत. तेवढ्यासाठी कोणी हिंगणघाटचा बाजार सोडून दारात आलेल्या खेडा खरेदीवाल्याला कापूस घालत नाही. तिथे उधारी, घरात पैशाची नड, मोजमापाची रांग अशी दुसरी कारणं असतात आणि त्यांचा दोष टोलवर टाकून उपयोग नाही.

आता त्याच गाडीत दोन क्विंटल वांगी-टमाटे धरा. क्विंटलमागे ८० रुपये झाले. रोज पहाटे जाणाऱ्या भाजीपाल्याला, दुधाच्या कॅनला, संत्र्याच्या चार क्रेटला हा भार खरा आहे. म्हणून ‘शेतकऱ्याला टोल परवडत नाही’ असं सरसकट लिहू नका. कोणता माल, किती वजन, आठवड्यातून किती वेळा, हे लिहा. सरसकट वाक्य अधिकारी सहज बाजूला सारतात. क्विंटलमागचा आकडा बाजूला सारायचा तर त्यांना उत्तर द्यावं लागतं.

दुचाकी, ट्रॅक्टर, बैलबंडीला टोल नाही. कारलाही राज्याच्या नाक्यांवर सूट मिळाली. मग तक्रार उरली कोणाची?

पिकअप, छोटा हत्ती आणि मेटॅडोरवाल्यांची. ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण विदर्भातला खरा अन्याय इथे आहे.

राज्य सरकारने जून २०१५ पासून १२ टोलनाके बंद केले आणि आणखी ५३ नाक्यांवर कार, जीपसारखी हलकी वाहनं आणि एसटी यांना सूट दिली. राष्ट्रीय महामार्गावर २००८ च्या शुल्क नियमांप्रमाणे दुचाकी, तीनचाकी, ट्रॅक्टर आणि बैलबंडीला शुल्क नाही. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला खासगी गाडीसाठी मासिक पास मिळतो. त्याचा दर दरवर्षी थोडा वाढतो, अलीकडे तो साडेतीनशे रुपयांच्या घरात आहे. पण पास फक्त बिगरव्यावसायिक गाडीला. गावातला कापूस, तूर, धान आता बंडीवर किती जातं? तो जातो पिवळ्या पाटीच्या गाडीत. गाडी भाड्याची असली तरी टोल शेवटी शेतकऱ्याच्या भाड्यातच धरला जातो.

अशा गाडीसाठी नियमांत एक सवलत आहे. ज्या जिल्ह्यात नाका आहे त्याच जिल्ह्यात नोंदलेल्या, नॅशनल परमिट नसलेल्या व्यावसायिक गाडीला निम्मा दर. नाक्यावरच्या फलकावर तो रकाना वेगळा असतो, नीट बघा. कितीतरी चालकांनी तो वाचलेलाच नसतो. पण आपल्याकडे अडचण अशी की नदी हीच जिल्ह्याची हद्द असते. वर्धा नदीच्या एका काठाला एमएच ३२ (वर्धा), पलीकडे एमएच २७ (अमरावती) किंवा २९ (यवतमाळ). वैनगंगेच्या एका बाजूला एमएच ३४ (चंद्रपूर), दुसऱ्या बाजूला ३३ (गडचिरोली). नाका वर्धा जिल्ह्याच्या बाजूला असेल तर नदीपलीकडच्या, अवघ्या तीन-चार किलोमीटरवरच्या गावातल्या एमएच २९ गाडीला पूर्ण दर, आणि ५० किलोमीटरवरून आलेल्या एमएच ३२ गाडीला निम्मा. पुलाच्या बाबतीत ‘जिल्हा’ हे माप चुकीचं आहे, अंतराचं माप हवं. तुमच्या निवेदनात दुसरं काही नसलं तरी हा मुद्दा असू द्या.

तीन हजारांचा वार्षिक पास आहे ना?

१५ ऑगस्ट २०२५ पासून आहे. सुरू झाला तेव्हा दर ३ हजार रुपये होता. त्यात २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. तो फक्त खासगी कार-जीप-व्हॅनला आणि फक्त राष्ट्रीय महामार्ग व राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर चालतो. समृद्धीवर किंवा राज्याच्या नाक्यांवर नाही. पिकअपला तर नाहीच.

२०२५ मध्ये पुलांचा टोल निम्मा झाल्याची बातमी होती. आमच्याकडे का नाही झाला?

कारण त्या सूत्रात आपल्यासारखे पूल बसतच नाहीत. आधीच्या नियमात राष्ट्रीय महामार्गाच्या टप्प्यातला मोठा पूल, बोगदा किंवा उड्डाणपूल यांची लांबी दहापट धरून उरलेल्या रस्त्यात मिळवली जायची आणि त्या बेरजेवर टोल ठरायचा. जुलै २०२५ च्या दुरुस्तीने म्हटलं की ही बेरीज आणि पूर्ण टप्प्याची पाचपट लांबी, यांतलं जे कमी असेल ते धरा.

आता ४० किलोमीटरचा टप्पा घ्या, त्यात सव्वा किलोमीटरचा पूल. जुनी बेरीज: ३८.७५ अधिक १२.५, म्हणजे ५१.२५ किलोमीटर. पाचपट केलं तर २००. कमी कोणतं? जुनंच. दर तोच राहिला. गणित मांडून पाहिलं तर टप्प्याचा साधारण ४४ टक्क्यांहून जास्त भाग पूल-बोगद्यांचा असेल तरच नव्या सूत्राने दर उतरतो. शहरातल्या उन्नत मार्गांना फायदा झाला, आपल्या नदीपुलाला नाही. या बातमीवरून नाक्यावरच्या पोरांशी भांडण करू नका, त्यांच्या हातात काही नाही.

टोल चुकवायला ट्रक गावातून जातात. टोल काढला की ते थांबतील?

फेरा किती लांब आहे ते पाहा. समजा पिकअपला एका वेळचा टोल १०५ रुपये. गाडी लिटरला १२ किलोमीटर देते, डिझेल ९२ रुपयांच्या आसपास, म्हणजे किलोमीटरला साडेसात-आठ रुपये नुसतं इंधन. टायर, ऑइल, सर्व्हिसिंग धरून दहा म्हणा. याचा अर्थ दहा किलोमीटरपेक्षा कमी फेऱ्यात टोल वाचत असेल तर चालक वळणारच. मोठ्या ट्रकला किलोमीटरचा खर्च तिपटीच्या घरात जातो, पण टोलही तिपटीहून जास्त असतो, त्यामुळे त्याची हद्दसुद्धा दहा-बारा किलोमीटरपर्यंतच येते.

तुमच्या गावातला आडरस्ता या हद्दीत असेल तर टोल काढल्यावर ट्रक बरेचसे परत मोठ्या रस्त्यावर जातील. फेरा २५ किलोमीटरचा असूनही ट्रक गावातून जात असतील, तर कारण टोल नाही. वजनकाटा, आरटीओची तपासणी किंवा खाणीकडचा जवळचा रस्ता, यांपैकी काहीतरी आहे. कोळसा आणि सिमेंटच्या पट्ट्यात, वणी-कोरपना-राजुऱ्याकडे, हे आधी तपासा.

मोजणी आम्ही स्वतः करू शकतो का? कशी?

करू शकता आणि करायलाच हवी. जिथे फेऱ्याचा रस्ता फुटतो त्या फाट्यावर, पानठेल्याच्या बाकावर दोन जण बसवा. वहीच्या पानाला पाच रकाने: दुचाकी, कार-जीप, पिकअप-छोटा हत्ती, सहाचाकी, त्याहून मोठी. गाडी गेली की उभी रेघ, पाचवी रेघ आडवी. तासाला नवी ओळ. पानाच्या डोक्यावर तारीख, वार, पाऊस होता की नाही, आणि त्या दिवशी कुठला बाजार होता ते लिहा. बाजाराच्या दिवसाची संख्या रोजची समजून चालणार नाही. दुसऱ्या माणसाने फक्त पिकअप आणि ट्रकच्या पाटीवरचे जिल्ह्याचे दोन अंक टिपायचे, पूर्ण नंबर नाही. एका पानावर २९, ३२, ३४ चे गठ्ठे दिसले की वर सांगितलेला हद्दीचा प्रश्न आकड्यात उभा राहतो.

एकच आठवडा मोजून थांबू नका. दिवाळीनंतर कापूस-सोयाबीन निघतं तेव्हाचा एक, उन्हाळ्यातला एक, आणि पावसाळ्यातला एक आठवडा हवाच. पावसाळ्याचा आग्रह यासाठी की कागदावर ‘पर्यायी रस्ता उपलब्ध’ असं लिहिलेलं असतं, पण तो पर्याय म्हणजे रपटा, म्हणजे पुरात बुडणारा ठेंगणा पूल, असेल तर ऑगस्टमध्ये तो पाण्याखाली असतो. बल्लारपूर–राजुरा रस्त्यावरचा वर्धेचा पूल पुरात बंद पडतो हे चंद्रपूरकडे सगळ्यांना माहीत आहे. भामरागडला पर्लकोटेला पूर आला की संपर्कच तुटतो. ज्या दिवसांत बुडीत पूल बंद असतो त्या दिवसांत टोलच्या पुलाला पर्याय नसतो. तेवढे दिवस तरी टोल माफ असावा, ही मागणी आम्हाला पूर्ण रास्त वाटते. गावच्या तलाठ्याकडे आणि पोलीस पाटलांकडे रस्ता बंद पडल्याच्या नोंदी मिळतात, त्या जोडा.

टोल बंद झाला तर पूल कोण सांभाळणार?

राज्याचा रस्ता असेल तर सार्वजनिक बांधकाम विभाग, राष्ट्रीय महामार्ग असेल तर त्याची केंद्राची किंवा राज्याची यंत्रणा. कागदावर उत्तर इतकं सोपं आहे. पण ठेकेदाराच्या करारात देखभाल बांधलेली असते, आणि करार संपला की ती अंदाजपत्रकातल्या रकमेवर जाते.

पुलावर चालत जाऊन एकदा बघा. दोन गाळ्यांच्या मध्ये जो सांधा असतो त्यातली रबरी पट्टी फाटून निघालेली असते, तिच्या जागी गिट्टी आणि माती ठासलेली. ट्रकचं चाक त्यावर आपटलं की खालच्या बेअरिंगला हादरा बसतो. कडेची पाणी जाण्याची भोकं गाळाने बुजलेली असतात, म्हणून पाणी स्लॅबवर साचतं आणि आतल्या सळईपर्यंत पोचतं. भोकं साफ करायला एक माणूस आणि एक सळई पुरते. तेवढंही वर्षानुवर्षं झालं नाही तर पुढे लाखोंचं काम निघतं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल पुरात कोसळला आणि गाड्या वाहून गेल्या. त्यानंतर राज्यभर जुन्या पुलांच्या तपासणीचे आदेश निघाले. तुमच्या पुलाची तपासणी शेवटची केव्हा झाली, हा प्रश्न टोलच्या प्रश्नासोबतच विचारा.

नुकसान करतं कोण, हेही बघा. १९५८ ते १९६० मध्ये अमेरिकेत इलिनॉय राज्यात झालेल्या मोठ्या रस्ता-चाचणीतून एक ढोबळ नियम निघाला: आसावरचा भार जितका वाढतो, रस्त्याची झीज त्याच्या चौथ्या घाताने वाढते. आपल्याकडे २०१८ मध्ये चार टायरच्या आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. भार वाढला पावणेतेरा टक्के, झीज या नियमाने वाढते सुमारे ६० टक्के. कोळशाच्या ओव्हरलोड गाडीचं काय होत असेल ते ओळखा. अशा गाडीचा टोल काढून पुलाच्या दुरुस्तीचा बोजा सगळ्यांच्या करावर टाकणं आम्हाला मान्य नाही.

डिझेलवर सेस भरतो, गाडी घेताना रोड टॅक्स भरतो. मग टोल कशाला?

राग बरोबर आहे. पेट्रोल-डिझेलवरचा सेस केंद्राच्या रस्ते निधीत जातो, आणि त्यातून महामार्ग, ग्रामसडक, रेल्वे अशी अनेक कामं होतात. तुमच्या पुलाच्या नावाने त्यातला एक रुपयाही राखून ठेवलेला नसतो. त्यामुळे ‘आम्ही आधीच पैसे दिले’ हा मुद्दा धोरणाच्या चर्चेत ठीक आहे, एका पुलाचा टोल बंद करायला तो पुरत नाही.

पुलाचा खर्च वसूल झाला तरी टोल चालूच राहतो?

राष्ट्रीय महामार्गावर, हो. सरकारी पैशातून झालेल्या कामाचा खर्च वसूल झाला की दर ४० टक्क्यांवर आणायचा, असं २००८ च्या नियमांत होतं. २०२३ च्या दुरुस्तीने ती उतरण काढली आणि पूर्ण दर चालू ठेवला. आमच्या मते हा नियम नदीकाठच्या गावांवर अन्याय करणारा आहे आणि खासदारांना याच मुद्द्यावर धरायला हवं.

राज्याच्या रस्त्यांवर वेगळं आहे. १९५८ च्या मोटार वाहन कर कायद्यातल्या कलम २० खाली टोलची अधिसूचना निघते, आणि किती दर, किती काळ, हे त्यातच असतं. ती मुदत शोधा. करारात ‘प्रकल्पाचा एकूण खर्च’ कसा मोजला आहे तेही वाचा. दिल्ली–नोएडा उड्डाणमार्गाच्या करारात दरवर्षी २० टक्के परतावा गृहीत धरला होता. तो पूर्ण नाही मिळाला की उरलेली रक्कम खर्चातच वाढायची, म्हणजे वसुली कधी संपणारच नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तिथला टोल थांबवला आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निकाल कायम केला.

रस्ता खड्ड्यांचा असेल तर टोल नाकारता येतो?

परस्पर नाकारू नका, भांडण तुमच्या चालकाच्या अंगावर येतं. पण न्यायालयांचं या बाबतीत स्पष्ट म्हणणं आहे. केरळमधल्या पालियेक्करा नाक्यावर रस्त्याची दुर्दशा आणि कोंडी पाहून ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने वसुली स्थगित केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. तारखेसह फोटो काढून ठेवा.

टोल काढून पाहिल्याचे दाखले कुठे आहेत?

स्कॉटलंडमध्ये स्काय बेटाचा पूल १९९५ मध्ये खासगी पैशातून झाला. बेटावरच्या लोकांनी टोलविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला, खटले अंगावर घेतले. २००४ च्या डिसेंबरात सरकारने सुमारे २ कोटी ७० लाख पौंडांना पूल विकत घेऊन टोल संपवला. फोर्थ आणि टे या दोन पुलांचा टोल फेब्रुवारी २००८ मध्ये गेला. टे पुलावर नाका डंडी शहराच्या बाजूला होता, त्यामुळे रांग शहरात साचायची. टोल गेल्यावर ती रांग गेली. फोर्थच्या बाबतीत काळजी वेगळी होती: त्याच्या मुख्य तारांना गंज लागल्याचं आधीच सापडलं होतं आणि फुकट झाल्यावर वाहतूक वाढणार होती. तिथे पुढे २०१७ मध्ये शेजारी नवा पूल सुरू झाला. एकाच दिवशी, एकाच निर्णयाने टोल गेला, तरी दोन पुलांचा हिशोब वेगळा निघाला. म्हणून दुसऱ्या तालुक्यातल्या नाक्याचा दाखला देऊन आपल्या पुलाचं ठरवू नका.

आपल्या राज्यातलाच धडा पैशाचा आहे. मुदत संपण्याआधी टोल काढला किंवा सूट दिली की ठेकेदाराची भरपाई सरकारला करावी लागते. ती जाते आपल्याच करातून, म्हणजे ज्यांनी तो पूल कधी पाहिलाही नाही त्यांच्याही खिशातून.

नाक्यावरच्या पोरांची नोकरी आणि टपऱ्या?

फास्टॅग आल्यापासून दोन्ही तशाही कमी झाल्या आहेत. गावातली पोरं तिथे असतील तर त्यांची संख्या आणि पगार अहवालात लिहा. पण तेवढ्यासाठी टोल ठेवा, असं म्हणता येत नाही.

पूर्ण काढणं आणि पूर्ण ठेवणं, याच्या मधलं काही आहे?

आहे, आणि आम्ही त्याच बाजूचे आहोत. समजा नाक्यावरून रोज ९०० जड ट्रक जातात, प्रत्येकी ३५० रुपये. वर्षाला साडेअकरा कोटी झाले. नदीच्या दोन्ही काठांवरच्या २० किलोमीटरमधल्या पिकअप समजा रोज १५०, प्रत्येकी १०५ रुपये. वर्षाला साडेसत्तावन्न लाख. म्हणजे या गाड्यांना पूर्ण सूट दिली तरी दर शंभर रुपयांत पाच रुपयेही कमी होत नाहीत. तुमच्या वहीतले आकडे या जागी घाला. प्रमाण असंच निघालं तर मागणी सोपी आहे: जिल्हा कोणताही असो, दोन्ही काठांच्या लहान मालवाहू गाड्यांना पास द्या, पर्यायी पूल बुडाला असेल तेव्हा सगळ्यांना माफी द्या, आणि ट्रकच्या टोलमधून दुरुस्तीची रक्कम पुलाच्या नावाने राखून ठेवा. मात्र अधिसूचनेची मुदत संपली असेल, तर मधला मार्ग नको. तो टोल बंदच झाला पाहिजे.

कागद कुठून मिळवायचे आणि कोणाला द्यायचे?

माहितीच्या अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, राज्याच्या कार्यालयांत कोर्ट फी स्टॅम्प चालतो, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही नाही. उत्तराची मुदत ३० दिवस. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून अर्ज तोडून करा: एकात टोलची अधिसूचना आणि करार, दुसऱ्यात गेल्या तीन वर्षांची वाहन-प्रकारानुसार महिनेवार संख्या आणि वसुली, तिसऱ्यात पुलाच्या तपासणीचे अहवाल. ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलं की उत्तर लांबतं.

आलेले कागद आणि तुमची वही एकत्र करून ग्रामसभेत वाचा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, यांतली जवळची तारीख धरा. ठराव नदीच्या दोन्ही काठांवरच्या ग्रामपंचायतींचा असावा, एकाच काठाचा नको. प्रत दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना, बांधकाम विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांना किंवा महामार्गाच्या प्रकल्प कार्यालयाला आणि आमदार-खासदारांना द्या. प्रत्येक प्रतीवर आवक शिक्का घ्या. मूळ वही कोणालाही देऊ नका, झेरॉक्स द्या.